रोजच्या वाट्या-किटल्यांचं म्युझियम उभारणारा जपानी माणूस आपल्याच सरकारशी का भांडला?

टोकियो शहरात कोमाबा नावाचा भाग आहे. टोकियो विद्यापीठाच्या कॅम्पसपासून थोडं चालत गेलं की एका शांत गल्लीत एक दुमजली म्युझियम लागतं. कौलारू छप्पर, पांढऱ्या भिंती, दगडी काम. बाहेरून एखाद्या जुन्या वाड्यासारखं दिसतं. आत शिरताना बूट काढून सपाता घालाव्या लागतात.

आत काय आहे? लोखंडी किटल्या, धान्याच्या आणि पाण्याच्या बरण्या, गवताची इरली, टोपल्या, शेतकरी बायकांनी टाके घालून घालून जाड केलेले अंगरखे, यात्रेकरूंनी चार पैशांत घेतलेली चित्रं. यातली बहुतेक वस्तू कुणी बनवली हे कुणालाच माहीत नाही.

या म्युझियमचं नाव निहोन मिंगेइकान, म्हणजे जपानी लोककारागिरीचं म्युझियम. १९३६ साली ते सुरू झालं. आज त्याच्या संग्रहात सुमारे १७,००० वस्तू आहेत.

हे उभं करणाऱ्या माणसाचं नाव यानागी सोएत्सु. जपानमध्ये आडनाव आधी येतं, त्यामुळे यानागी हे आडनाव. पाळण्यातलं नाव मुनेयोशी, पण तीच अक्षरं सोएत्सु अशीही वाचता येतात आणि जग त्यांना याच नावाने ओळखतं.

घरातली साधी वस्तू सुंदर असू शकते, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. यात वाद होण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण याच विचारापायी ते दोनदा आपल्या देशाच्या सरकारी धोरणाच्या विरोधात उभे राहिले. ते कसं, हे समजून घ्यायला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागेल.

नौदल अधिकाऱ्याचा मुलगा, ज्युदोच्या जनकाचा भाचा

यानागींचा जन्म २१ मार्च १८८९ चा, टोकियोतला. वडील नौदलात मोठ्या हुद्द्यावर होते, समुद्राचे नकाशे तयार करण्याच्या कामात त्यांचं नाव होतं. पण मुलगा दोन वर्षांचा व्हायच्या आसपास ते वारले. आई कात्सुको ही ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांची बहीण.

घर खानदानी होतं. त्यामुळे शिक्षण गाकुशुइन या बड्या घरातल्या मुलांच्या शाळेत झालं. तिथे त्यांना इंग्रजी शिकवायला डी. टी. सुझुकी होते. पुढे झेन बौद्ध विचार पाश्चात्त्य जगात पोचवणारे ते हेच सुझुकी.

१९१० मध्ये शाळेतल्या मित्रांनी मिळून 'शिराकाबा' नावाचं मासिक काढलं. यानागी त्यात सगळ्यात तरुण मंडळींपैकी एक. मासिकात युरोपातल्या चित्रकार-शिल्पकारांवर भरभरून लिहिलं जायचं. फ्रेंच शिल्पकार रोदँ यांच्यावर तर एक विशेषांकच निघाला. मित्रांनी जपानी लाकडी ठशांची चित्रं रोदँना भेट म्हणून पाठवली, आणि रोदँनी परतभेट म्हणून तीन छोटी ब्राँझची शिल्पं धाडली.

थोडक्यात, पंचविशीतल्या यानागींचा सगळा ओढा युरोपकडे होता. टोकियोच्या विद्यापीठातून पदवी घेतली, १९१४ मध्ये इंग्रज कवी विल्यम ब्लेक यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी गायिका कानेको यांच्याशी लग्न झालं आणि दोघं टोकियोबाहेर अबिको या गावी राहायला गेले.

रोदँची शिल्पं यानागींच्या घरी होती. ती पाहायला लोक यायचे. त्यातल्या एका पाहुण्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

एक पाहुणा आणि कोरियाचं भांडं

गोष्ट १९१४ ची. असाकावा नोरिताका नावाचे एक शाळामास्तर रोदँची शिल्पं पाहायला अबिकोला आले. ते तेव्हा कोरियात नोकरीला होते. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्यांनी सोबत कोरियातलं जोसॉन काळातलं मातीचं भांडं भेट आणलं. पांढरट अंग, कडा कापलेल्या, त्यावर निळ्या रंगात दोन-चार गवताची पाती.

कोरियात असली भांडी तेव्हा जुन्या बाजारात पडलेली असायची. जपानी रसिक त्याआधीच्या कोऱ्यो काळातली उंची भांडी गोळा करायचे, जोसॉन काळाकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. यानागी मात्र त्या भांड्याच्या प्रेमात पडले.

१९१६ मध्ये ते पहिल्यांदा कोरियाला गेले. सोलमध्ये मुक्काम केला तो नोरिताकांचे धाकटे भाऊ ताकुमी यांच्या घरी. ताकुमी वनखात्यात नोकरीला होते. ते कोरियन बोलायचे, कोरियन कपडे घालायचे आणि त्यांच्या घरात कोरियन चौरंग, कपाटं, वाट्या रोजच्या वापरात होत्या. कपाटात बंद ठेवलेली कला आणि हाताळली जाणारी वस्तू यातला फरक यानागींना तिथे दिसला.

१९१९: भांड्यांवरून माणसांपर्यंत

इथे थोडा इतिहास लागतो. जपानने १९१० मध्ये कोरिया आपल्या साम्राज्याला जोडून टाकला होता. १ मार्च १९१९ रोजी कोरियात स्वातंत्र्यासाठी मोठी निदर्शनं सुरू झाली. जपानी फौज आणि पोलिसांनी ती निर्दयपणे मोडून काढली. मृतांच्या आकड्यांवर आजही वाद आहे, काही नोंदी ते हजारोंमध्ये सांगतात. भारतातल्या वाचकाला तो काळ पटकन समजेल, कारण जालियनवाला बाग हत्याकांड त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालं.

जपानमधले बहुतेक विचारवंत गप्प बसले. यानागी बसले नाहीत. मे १९१९ मध्ये त्यांनी 'योमिउरी' या वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. ज्या लोकांच्या हातून इतकं सुंदर काम झालं, त्यांना आपण तलवारीच्या जोरावर जपानी बनवू पाहतोय, हे चूक आहे, असा तिचा सूर होता. पुढच्या वर्षी त्यांनी कोरियन मित्रांना उद्देशून आणखी एक लेख लिहिला. त्यातला काही भाग सेन्सॉरने कापला. पोलिसांची नजरही त्यांच्यावर राहू लागली.

मग ठरलं, कोरियन वस्तूंचं म्युझियम काढायचं. पण कुठे? टोकियोत काढलं असतं तर सोपं होतं. यानागी आणि असाकावा बंधूंचं म्हणणं होतं की या वस्तू कोरियाच्या आहेत, त्या कोरियातच राहायला हव्यात.

पैसे उभे करायला कानेको पुढे आल्या. त्या पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकलेल्या नावाजलेल्या गायिका होत्या. १९२० पासून त्यांनी कोरियात कार्यक्रम केले आणि त्यातून निधी जमला. या म्युझियमच्या गोष्टीत त्यांचं नाव अनेकदा मागे पडतं, पण सुरुवातीचा पैसा उभा करण्यात त्यांच्या गाण्याचा वाटा मोठा होता.

एप्रिल १९२४ मध्ये सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यातल्या एका दालनात हे म्युझियम सुरू झालं. पुढे १९४५ मध्ये जपानी सत्ता गेली आणि हा संग्रह कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहात जमा झाला.

एक दरवाजा वाचवण्यासाठी

म्युझियमची तयारी चालू असतानाच आणखी एक प्रकरण घडलं.

जपानी प्रशासन ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात आपलं प्रचंड मुख्यालय बांधत होतं. त्या इमारतीसमोर राजवाड्याचा मुख्य दरवाजा ग्वांगह्वामुन यायचा. तो पाडून टाकायचा विचार सुरू झाला.

१९२२ मध्ये यानागींनी याविरुद्ध लेख लिहिला. त्यात त्यांनी जपानी वाचकांना एक कल्पना करायला सांगितली. समजा उलटं झालं असतं, कोरियाने जपान जिंकला असता आणि टोकियोतला एदो किल्ला पाडून तिथे आपलं कार्यालय बांधायला घेतलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं? हा लेख कोरियन भाषेतही छापून आला आणि खूप वाचला गेला.

दरवाजा पाडला गेला नाही. तो उचलून राजवाड्याच्या पूर्वेला हलवला गेला. याचं सगळं श्रेय एका लेखाला देणं योग्य होणार नाही, पण त्या लेखाने चर्चा पेटवली हे खरं. पुढे कोरियन युद्धात दरवाज्याचा लाकडी भाग जळाला. आज सोलमध्ये मूळ जागी दिसणारा ग्वांगह्वामुन २०१० मध्ये पुन्हा उभा केलेला आहे.

जुना बाजार आणि एक नवा शब्द

१९२३ मध्ये टोकियो भागात महाभूकंप झाला. त्यात यानागींचे थोरले भाऊ गेले. दुसऱ्या वर्षी यानागी कुटुंब क्योतोला गेलं.

क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळाच्या आवारात आणि २५ तारखेला कितानो देवळापाशी जुना बाजार भरतो. यानागी सकाळी सकाळी तिथे पोचायचे. जुनी कापडं, ताटल्या, बरण्या विकणाऱ्या म्हाताऱ्या बायका अशा मालाला 'गेतेमोनो' म्हणायच्या, म्हणजे साधा, हलका माल. यानागींनी तोच शब्द उचलला. पण त्यात हिणवल्याची छटा होती, त्यामुळे तो अडचणीचा ठरू लागला.

या काळात हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो हे दोन कुंभार कलावंत त्यांचे जवळचे मित्र झाले. १९२५ च्या शेवटी प्रवासात तिघांच्या गप्पांतून नवा शब्द तयार झाला: मिंगेइ. सामान्य लोकांची कारागिरी, याचं हे छोटं रूप. आज हा शब्द जपानी शब्दकोशात आहे आणि जगभरचे डिझायनर तो वापरतात.

मिंगेइ म्हणजे नक्की काय? यानागींच्या मते अशा वस्तूत ढोबळमानाने या गोष्टी असतात:

• ती रोजच्या वापरासाठी असते, शोभेसाठी नाही.
• बनवणारा अनाम असतो, तो सही करत नाही.
• ती एकेकटी बनत नाही, शेकड्यांनी बनते.
• सामान्य माणसाला परवडते.
• त्या त्या गावची माती, लाकूड, धागा वापरून हाताने केलेली असते.

यातला शेकड्यांनी बनण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकच आकार हजार वेळा केल्यावर कारागिराचा हात विचार न करता चालतो. नाव कमवायची धडपड त्यात उरत नाही. तिथूनच सौंदर्य येतं, असं यानागींना वाटायचं.

त्यांचं एक आवडतं उदाहरण क्योतोच्या दाइतोकुजी मठात आहे. किझाएमोन नावाचा तो चहाचा वाडगा जपानमधल्या सगळ्यात मानाच्या वाडग्यांपैकी एक समजला जातो. १९३१ मध्ये यानागींना तो पाहायला मिळाला. पेट्यांमागून पेट्या उघडल्यावर बाहेर आला तो अगदी साधा वाडगा. त्यांच्या मते तो कोरियातल्या कुणा गरिबाघरचा भाताचा वाडगा असावा. मूळ वापराबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण यानागींचा मुद्दा असा होता की जपानी चहागुरूंनी कधीकाळी त्याच्याकडे कोऱ्या नजरेने पाहिलं, म्हणून तो अमूल्य ठरला. आता लोक आधी त्याची कीर्ती पाहतात, मग वाडगा.

दुसरं उदाहरण उत्तर जपानमधल्या त्सुगारू भागातलं. तिथल्या शेतकऱ्यांना जुन्या काळी सुती कपडे घालायला बंदी होती. कपडे तागासारख्या जाड्याभरड्या धाग्याचे आणि हिवाळा हाडं गोठवणारा. मग बायकांनी त्या कापडावर पांढऱ्या सुती धाग्याने दाट टाके भरायला सुरुवात केली. कापड ऊबदार झालं, टिकाऊ झालं आणि त्यावर अतिशय नाजूक नक्षीही उमटली. या कामाला कोगिन म्हणतात. यानागींनी आपल्या 'कोगेइ' या मासिकातून या बायकांच्या कामाची ओळख देशाला करून दिली.

सरकारी म्युझियम नको म्हणालं, मग?

वस्तू वाढत चालल्या होत्या. म्युझियमची कल्पना यानागी आणि मित्रांनी १९२६ मध्येच जाहीर केली होती. पुढे त्यांनी आपला संग्रह टोकियोच्या शाही म्युझियमला देऊ केला, त्याच्यासाठी एक दालन ठेवा इतकंच म्हणणं होतं. हा प्रस्ताव मान्य झाला नाही. वाट्या-टोपल्यांना तिथे जागा नव्हती.

१९२९ मध्ये ते युरोपला गेले. स्टॉकहोममध्ये त्यांनी नॉर्डिक म्युझियम आणि स्कान्सेन पाहिलं. स्कान्सेनमध्ये जुनी शेतघरं जशीच्या तशी आणून उभी केलेली आहेत. सामान्य लोकांच्या जगण्याचं म्युझियम होऊ शकतं, याचा तो जिवंत पुरावा होता. तिथून ते अमेरिकेत हार्वर्डला व्याख्यानं द्यायला गेले.

पैशांचा प्रश्न १९३५ मध्ये सुटला. कुराशिकीचे कापड गिरणीमालक ओहारा मागोसाबुरो यांनी म्युझियमसाठी १ लाख येन दिले. तेव्हाच्या मानाने ही प्रचंड रक्कम होती. इमारतीचा आराखडा मुख्यतः यानागींनीच केला आणि ऑक्टोबर १९३६ मध्ये दारं उघडली. समोरच रस्त्यापलीकडे यानागींचं घर होतं.

आत गेल्यावर आजही एक गोष्ट लगेच जाणवते. लांबलचक माहितीफलक नाहीत. काळ्या पाट्यांवर लाल अक्षरांत हाताने लिहिलेल्या एक-दोन ओळी, बस्स. वस्तू काय, कुठली, कोणत्या काळातली. माहिती आधी वाचली की माणूस वस्तू बघायचं सोडून माहिती तपासायला लागतो, असं यानागींचं मत होतं. आधी पाहा, मग जाणून घ्या, हा त्यांचा आग्रह.

दुसरं भांडण: ओकिनावाची भाषा

१९३८ च्या शेवटी यानागी पहिल्यांदा ओकिनावाला गेले. जपानच्या दक्षिणेकडची ही बेटं कधीकाळी स्वतंत्र राज्य होती. तिथली विणकाम-रंगकामाची परंपरा पाहून ते भारावले. त्यांचे सहकारी सेरिझावा केइसुके यांनी तिथलं बिंगाता हे साच्याने रंगवायचं तंत्र शिकून घेतलं.

पण तिथे सरकार प्रमाण जपानी बोला अशी मोहीम राबवत होतं. शाळेत मूल आपल्या भाषेत बोललं तर त्याच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकवली जायची. १९४० च्या जानेवारीत यानागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला जाहीर आक्षेप घेतला. प्रमाणभाषा शिकवा, पण त्यासाठी लोकांना त्यांच्या बोलीची लाज वाटायला लावू नका, हा त्यांचा मुद्दा.

स्थानिक प्रशासन संतापलं. वृत्तपत्रांतून महिनोन्‌महिने वाद झाला. विशेष म्हणजे ओकिनावातल्या अनेकांनाही यानागींचं म्हणणं पटलं नाही. मुख्य भूमीवर नोकरीला गेल्यावर बोलीमुळे हिणवलं जातं ते आम्हाला, टोकियोच्या पाहुण्याला नाही, असं त्यांचं उत्तर होतं. हे उत्तर सहज झटकून टाकण्यासारखं नव्हतं.

पाच वर्षांनी, १९४५ च्या लढाईत ओकिनावा बेचिराख झालं. जुनी कापडं, साचे, इमारती, कितीतरी गोष्टी नष्ट झाल्या. यानागी आणि मंडळींनी त्याआधी जमवलेली कापडं टोकियोच्या म्युझियममध्ये वाचली.

टीका कोणती झाली?

यानागींचं कौतुक करताना ही बाजूही सांगायला हवी.

कोरियातल्या टीकाकारांचा मोठा आक्षेप त्यांच्या एका सिद्धांतावर आहे. कोरियाच्या कलेत दुःखाचं सौंदर्य आहे, सततच्या आक्रमणांमुळे ते आलंय, असं यानागी म्हणायचे. यामुळे कोरियन माणूस सोसणारा, हतबल असा दिसतो आणि ही शेवटी राज्यकर्त्या देशातल्या माणसाचीच नजर आहे, असं टीकाकार म्हणतात. शिवाय यानागींनी हिंसेला दोन्ही बाजूंनी विरोध केला, पण राजकीय स्वातंत्र्याची ठोस बाजू घेतली नाही, असाही आक्षेप आहे. तरीही १९८४ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने त्यांना मरणोत्तर सांस्कृतिक सन्मान दिला.

दुसरा आक्षेप मिंगेइ कल्पनेवरच आहे. अनाम कारागिराचं गुणगान करणारी ही चळवळ हामादा, कावाई, बर्नार्ड लीच अशा नामवंतांमुळे मोठी झाली. त्यांच्या भांड्यांना पुढे एवढी किंमत आली की सामान्य घरात ती जाणं शक्यच नव्हतं. आणि अनाम वस्तूंमधून सुंदर कोणती हे ठरवायचं कुणी? तर यानागींनी. विरोधाभास उघड आहे.

शेवटची वर्षं

युद्धानंतर यानागी बौद्ध विचाराकडे अधिक वळले. १९४८ मध्ये तोयामा भागातल्या एका मठात राहून त्यांनी सौंदर्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. अमिदा बुद्धाच्या ४८ प्रतिज्ञांपैकी चौथी प्रतिज्ञा सुंदर-कुरूप हा भेद मिटवते. तिच्या आधारे त्यांनी मांडलं की साध्या, अडाणी कारागिराच्या हातूनही सुंदर वस्तू घडते, कारण ते त्याच्या एकट्याच्या कर्तृत्वावर अवलंबून नसतं.

१९५६ च्या डिसेंबरमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरही लिहिणं चालू राहिलं. ३ मे १९६१ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्यानंतर म्युझियमची जबाबदारी हामादांनी घेतली आणि १९७७ मध्ये मुलगा सोरी यानागी यांनी. सोरी हे जपानचे मोठे औद्योगिक डिझायनर. फुलपाखरासारखा दिसणारा त्यांचा लाकडी स्टूल जगप्रसिद्ध आहे. म्हणजे बापाने हाताने केलेल्या वस्तूंचं म्युझियम काढलं आणि मुलाने कारखान्यात बनणाऱ्या किटल्या-वाडग्यांना चांगलं रूप दिलं. कानेको १९८४ पर्यंत होत्या आणि वयाच्या ऐंशीनंतरही गात होत्या.

कधी टोकियोला गेलात तर

म्युझियम कोमाबा-तोदाइमाए स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. सहसा सोमवारी बंद असतं. मांडणी वर्षातून अनेकदा बदलते, त्यामुळे जाण्याआधी काय चालू आहे ते पाहून घ्यावं. समोरचं यानागींचं घर महिन्यातल्या ठराविक दिवशीच उघडतं.

आत गेल्यावर यानागींची एक सूचना पाळून बघायला हरकत नाही. पाटी लगेच वाचू नका. आधी वाटी बघा, टाके बघा, बरणीचा काठ बघा. पाटी नंतर वाचली तरी चालेल. करणाऱ्याचं नाव तिच्यावर बहुतेक वेळा नसतंच.